पोपटी खोलीतलं बाळंतपण

ऑइलपेंटचा वास आला की लोक छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, "वा, नवं घर!" मला मात्र अजूनही कोणाचं तरी डोकं फोडावंसं वाटतं.

गोष्ट आणीबाणीच्या आदल्या वर्षीची. आम्ही नारपोलीत, यंत्रमागांच्या वस्तीत राहत होतो. आमच्या घराला लागून शेजाऱ्याचे कापड विणायचे लूम होते. त्यांचा खडखडाट आणि सुताचा उडता कचरा, दोन्ही आमच्याकडे बिनभाड्याने राहायचे. ताईच्या लग्नात तिच्या सासूबाई मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या आणि उठल्या तेव्हा शालूला चुना लागलेला. त्यांनी नुसता पदर झटकला. ते झटकणं बाबांच्या जिव्हारी लागलं.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ती दवाखान्यात असतानाच बाबांनी धामणकर नाक्यावरून रंगाचे डबे आणले आणि मधली खोली रंगवून घेतली. पोपटी ऑइलपेंट! बारशाला सासरची माणसं येणार, त्यांनी बघायला नको का? पावसाळी हवेत तो रंग काही वाळेना. हात लावला की चिकटायचा. आणि त्याच खोलीत ताईची बाज टाकली.

आई आमची आधीच गेली होती, म्हणून बाळंतपण करायला गावाहून आत्या आली होती. तिने खिडकी लावून घेतली, फटींत चिंध्या कोंबल्या, बाजेखाली शेगडी सरकवली, वर ओवा-शेपांची धुरी. बाळंतिणीला वारा लागू नये, हे मलाही कळत होतं. पण त्या खोलीत वारा सोडाच, श्वाससुद्धा उरला नव्हता. आत पाऊल टाकलं की डोळे चुरचुरायचे, घशात कडवट चव यायची. मी पाणी ठेवून बाहेर पळायचे. ताई कुठे पळणार होती?

तिचं डोकं ठणकायला लागलं. खाल्लेलं पोटात ठरेना. बाळाला अंगावर घेतलं की ते दोन घोट पिऊन तोंड फिरवायचं. आधी किरकिर करायचं, मग तीही थांबली. नुसतं मलूल पडून राहायचं.

"दिष्ट लागली हाय पोराला," आत्या म्हणाली आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून शेगडीत टाकल्या. म्हणजे आणखी धूर!

"आत्या, हा रंगाचा त्रास आहे गं."

"रंगानं कदी कोन आजारी पडतं का? कायतरीच तुजं."

माझा संयम सुटला. मी चिंध्या उपसल्या आणि खिडकी सताड उघडली. त्यासरशी बाबा धावत आले आणि त्यांनी ती धाडकन लावली. मला वाटलं, लेकीची काळजी. तर म्हणतात कसे, "अगं, बाहेर लूमचा कचरा उडतोय! ओल्या रंगावर बसला तर सगळी भिंत खरवडावी लागेल!"

माझ्या मस्तकात तिडीकच गेली. आत्या निदान बाळंतिणीसाठी वारा अडवत होती. बाबा भिंतीसाठी अडवत होते!

"भिंतीला जपताय, आणि इथे पोर गुदमरतंय!" मी ओरडले. बापासमोर आवाज चढवायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी बाळाला उचललं, ताईचा हात धरला आणि दोघांना पुढच्या पडवीत आणून बसवलं. आत्या कपाळ बडवत मागोमाग आली. "बाय, वारा भरंल गो तिच्या अंगात!" मी ताईला कानांपासून पायांपर्यंत गोधडीत गुंडाळलं. पडवीत सुताचा कचरा होता, गटाराचा वास होता, पण हवा होती. ताई डोळे मिटून कितीतरी वेळ नुसती श्वास घेत राहिली.

संध्याकाळपर्यंत बाळ नीट प्यायला लागलं. "बग, उतरली का न्हाय दिष्ट?" आत्या म्हणाली. मी कपाळाला हात लावला.

मायलेकरं मग पडवीतच राहिली. बारशाच्या सकाळी बघते तर बाबा मधल्या खोलीत पाळणा टांगत होते.

"गेला आता वास," ते म्हणाले. "आणि पाहुण्यांना बाहेर बसवायचं, तर मग रंग काढला कशाला?"

वास गेला नव्हता. मी भांडायला पुढे झाले, पण बोलली ती ताई, जिने जन्मात बाबांना उलट उत्तर दिलं नव्हतं.

"मग बाबा, भिंतीलाच पाळण्यात घाला आणि तिचंच बारसं करा. माझं पोर त्या खोलीत यायचं नाही."

बाबांनी पाळणा सोडून आणला आणि पडवीच्या आढ्याला बांधला. दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

सासरच्या माणसांदेखत पडवीतच बारसं झालं. कानात नाव सांगितल्याबरोबर बाळाने असं भोकाड पसरलं की शेजारचे लूम फिके पडले. चार बायका त्याला उगी करायला धावल्या. मी आडवी आले.

"रडू द्या त्याला," मी म्हटलं. "कोणी हात लावायचा नाही."