गिधाडं मोजायची जागा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात मला गिधाडं मोजायचं काम मिळालं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या आमच्या कॉलेजातल्या काही मुलांना वनखात्याकडे सुट्टीतलं प्रशिक्षण होतं. कुणाच्या वाट्याला चितळ आले, कुणाच्या वाट्याला पाणवठे. रेंजरसाहेबांनी मला गाव विचारलं. पारशिवनीच्या पुढचं, नदीकाठचं, असं सांगितल्यावर ते खूश झाले.

"मग राहायची सोय घरचीच झाली. मेलेली ढोरं टाकतात तिथं बसायचं, गिधाडं उतरली की मोजायची. महिनाभर."

मी हो म्हटलं. मला पुढे वनखात्यात नोकरी हवी होती आणि या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र अर्जाला लागणार होतं.

गावात आबाजी, म्हणजे माझे आजोबा, एकटेच राहत. साहेबांनी ज्या जागेचा सहज उल्लेख केला, तिथं त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गावात ढोर मेलं की ओढून न्यायचं आणि सोलायचं, हे काम आमच्या घराकडे असे. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन ते परतले आणि त्यानंतर त्यांनी मेलेल्या ढोराला हात लावला नाही. गावाने त्यांना मजुरीला बोलावणं बंद केलं. माझे वडील शहरात गिरणीत लागले ते त्यामुळे. आबाजी मात्र गाव सोडून गेले नाहीत. लोक पुढे आपापली ढोरं आपणच ओढून न्यायला लागले.

हे सगळं मला माहीत होतं, पण ऐकून माहीत होतं. पहिल्या दिवशी मी त्या माळावर जाऊन बाभळीखाली बसलो, तेव्हा मनात दुसरं काही नव्हतं. ऊन इतकं की समोरचा बांध पाण्यात उभा असल्यासारखा हलत होता. वर आकाशात बारीक ठिपके होते. बघता बघता ते मोठे होत, त्यांना पंख फुटत, आणि लोंबते पाय पुढे करून ती थोराड पाखरं धपकन उतरत.

संध्याकाळी परतताना चहाच्या टपरीवर आबाजी बसलेले दिसले. मी त्यांच्याकडे वळणार तोच बाकावरचा एकजण म्हणाला, "काहून गा, आज्यानं टाकलं ते नातवानं उचललं काय?"

दुसरा म्हणाला, "अन् तेही कॉलेजात शिकून! आता सोलाचीबी डिग्री भेटते वाटते."

लोक हसले. आबाजींनी अर्धा कप तसाच ठेवला आणि उठले.

घरी आल्यावर ते म्हणाले, "उद्यापासून तिथं नाही बसाचं."

"आबाजी, मी फक्त मोजतो."

"मले समजते. त्याईले समजते का?"

"काम सोडलं तर प्रमाणपत्र जाईल."

"मंग दुसरीकडं मोज. त्या जाग्यावर माह्या घरचं मानूस पुन्हा दिसलं नाही पाह्यजे."

दुसरीकडे म्हणजे कुठे? आकाशातली गिधाडं मोजून उपयोग नसतो. एकच पाखरू फिरून पुन्हा येतं आणि आकडा फुगतो. पण दिवस कलताना ती नदीकाठच्या अर्जुनांवर येऊन बसत. त्या झाडांच्या फांद्या विष्ठेने चुना मारल्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. बसलेलं पाखरू हलत नाही, नीट मोजता येतं. मी हे आबाजींना सांगितलं. दुपार ओसरल्यावर ते बाज डोक्यावर घेऊन माझ्यापुढे नदीकडे चालू लागले.

मग आमच्या संध्याकाळी तिथेच जाऊ लागल्या. नदीत पाण्याचे नुसते डोह उरले होते. बाजेवर एका कडेला मी, एका कडेला ते, दोघेही उताणे. उजेड पिवळा होत जाई आणि त्यातून गिधाडं पंख न हलवता येत, जणू कुणी वरून हळूहळू सोडत आहे. अगदी डोक्यावर आली की सुपाने पाखडल्यासारखा आवाज होई. मी आकडा पुटपुटत असे. पुढे नागपुरात संसार केला, रामदासपेठेतल्या ऑफिसात वर्षानुवर्षं जमाखर्च जुळवला, पण मोजता मोजता झोपेत तरंगल्यासारखं मला पुन्हा कधी वाटलं नाही. आता ती गिधाडंही दिसत नाहीत.

एकदा मी विचारलं, "तुम्ही तर यांना रोज पाहिलं असेल."

"कुठचं पाह्यलं! हे आले की हाकलाचे. हातात सुरी अन् डोये खाली. वरतं कोन पाह्यते?" मग वर बघत म्हणाले, "बरे दिसते, नाही?"

दोन आठवड्यांनी रेंजरसाहेब आले. त्यांनी माझे आकडे वाचले आणि मान हलवली. "बाकी गावांची मोजणी ढोराजवळची आहे. झाडावरचा आकडा त्यांच्या रांगेत कसा धरू? तिथली एक तरी मोजणी दे. नाहीतर प्रमाणपत्र देता येणार नाही."

त्यांचं बरोबर होतं. दोन वेगळ्या मापांची बेरीज होत नाही. मी आबाजींना जसंच्या तसं सांगितलं, आणि मी जाणार नाही हेही सांगितलं.

चार-पाच दिवसांनी सकाळीच कळलं की गावात एकाचा बैल मेला. आबाजींनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर आणि पांढरा सदरा घातला, छत्री घेतली.

"चाल."

"कुठं?"

"मोजाले. तू येकटा गेला तं काम उचलाले आलेला नातू दिसतं. दोघं गेलो तं पाहुने दिसू."

माळावर बैलाचा मालक एकटाच होता. आबाजींच्याच वयाचा, लहानपणी दोघांनी सोबत गुरं राखलेली. जोडीतल्या दुसऱ्या बैलाला दोर बांधून त्याने मेलेला बैल बांधापर्यंत आणला होता. तिथं तो अडला आणि जिवंत बैल पुढे पाऊल टाकेना.

"हात लावतं का रे, बुढ्या?" तो म्हणाला. "जोडी फुटली माही."

"बैल चांगला होता तुहा," आबाजी म्हणाले. "हात नाही लावत."

मी नकळत पुढे सरकलो. आबाजींनी छत्रीची मूठ माझ्या दंडाला टेकवली. त्या माणसाने आमच्या दोघांकडे पाहिलं, "बरं," म्हणाला आणि स्वतःच दोराला खांदा दिला. फार वेळ लागला. आबाजी तेवढा वेळ उन्हात उभे राहिले. त्यांनी छत्री उघडली नाही.

काम झाल्यावर तो घामाने निथळत आमच्या बाभळीपाशी येऊन बसला. आबाजीही खाली बसले. आता त्यांनी छत्री उघडली आणि त्याच्या डोक्यावर धरली. वर ठिपके दिसू लागले. पहिलं गिधाड उतरलं, मग दुसरं, मग मला डोळा हलवायला सवड राहिली नाही.

"कितीक हायेत, बाप्पा?" त्या माणसाने विचारलं.

"बोलू नको," आबाजी म्हणाले. "पोरगं मोजून रायलं."