मोजणीच्या दिवशी न पेटलेली चूल

बनुबाईची गोष्ट मी कुणालाही सांगायला बसलो, की तिच्या भाकरीपासून सुरुवात करतो. तशी भाकरी आमच्या गावात दुसऱ्या कुणाला जमली नाही. रहिमतपूरच्या बाजारातून येणारी माणसं मुद्दाम वाट वाकडी करून तिच्या दारावरून जायची आणि पाणी मागायची. पाण्याबरोबर चतकोर भाकरी मिळायची, हे सगळ्यांना ठाऊक. तिचा नवरा सयाजी पलटणीत होता. लढाई संपून परत आला तेव्हा पारावर बसून सांगायचा, "इटलीत बर्फात पडलो हुतो तवा देव आठवला न्हाई गड्या, हिची भाकरी आठवली." एका बैठकीला सात खायचा. आम्ही मोजायचो, आणि तो आठवी मागून घ्यायचा, केवळ आमची जिरवायला.

तर असा हा तोफांतून वाचलेला गडी उंदरानं मारला.

स्वराज्यातली दुसरी दिवाळी झाली आणि गावात प्लेगचे उंदीर पडायला लागले. गाव बाहेर पडलं. ज्यानं त्यानं माळावर खोप घातली, कुणी पाचटाची, कुणी तुराट्यांची. घरात ऊन पडावं म्हणून सरकारी माणसांनी घरांवरची कौलं उतरवली, आणि उतरवली म्हणजे वरून खाली टाकली म्हणा. बनुबाईच्या घराची निम्मी कौलं फुटली. पौषात सयाजीच्या जांघेत गाठ आली. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला ओढ्याकाठी नेला. खांदा द्यायला चारच माणसं होतो, चौथा माणूस म्हणजे धुळा. धुळा जतकडचा धनगर. दर साली मेंढरं घेऊन यायचा, आमच्या रानात बसवायचा. ना नात्याचा, ना गावचा. भावकीतले लोक मात्र लांब उभे होते, वारा बघून.

मागं राहिल्या बनुबाई आणि तिची सासू अंबूबाई. दोघी एका खोपीत.

आता मदतीचं सांगतो. सरकारनं ठरवलं, माळावर निघालेल्या प्रत्येक चुलीमागं वीस रुपये द्यायचे, म्हणजे लोकांना मिरगाच्या आत घरं शाकारता येतील. खोपी मोजाव्या तर लोक रिकाम्या खोपी उभ्या करतात, हे कुण्या हुशार साहेबाच्या ध्यानात आलं असावं. म्हणून हुकूम निघाला, सकाळच्या वेळी जिथून धूर निघेल तीच चूल धरायची. धूर काय खोटा काढता येतो, असं त्याला वाटलं. तो कधी आमच्या गावात राहिला नव्हता.

कारकून उद्या येणार, ही बातमी आदल्या दिवशीच आली. हंबीरराव धरून ते चौघे भाऊ. जन्मात त्यांची चूल एकच. हंबीरराव म्हणजे सयाजीचा चुलतभाऊ, वयानं धाकटा, पण रानामुळं मोठा. त्या सकाळी त्यांच्या खोपीपुढं चार चुली पेटल्या. शेजारच्यांनी दोन, पलीकडच्यांनी तीन. सगळा माळ धुरानं भरून गेला, डोळे चुरचुरायला लागले, पोरं खोकायला लागली. धुळाची मेंढरंसुद्धा बावरून एका जागी गोळा झाली. मी आणि माझा भाऊ एका ताटात जेवणारे. आम्हीही दुसरी चूल मांडली. ओली लाकडं घातली होती, म्हणजे धूर बरा दिसतो. हसायचं तेवढं हसलो आम्ही त्या दिवशी.

एकाच खोपीतून धूर नव्हता. सयाजीला नेल्याचा तो दुसरा दिवस. मर्तिकाच्या घरात चूल पेटत नाही, भावकीतून कडू घास येतो, ही आपली रीत. कारकून बिचारा शहरातला. विझलेली चूल बघितली, पुढं गेला. आत दोन बाया कुडाला टेकून बसल्या होत्या, त्यांना त्यानं हाक मारली नाही, आणि त्याही उठल्या नाहीत.

रोगाच्या भीतीनं बनुबाईकडं घास न्यायला कुणी धजेना. नेला तो हंबीररावांच्या बायकोनं, अंजनानं. हे तिचं खरंच मोठेपण, मी कधी नाकारलं नाही. चौथ्या चुलीवर ती त्याच भाकरी थापत होती तेव्हा कारकून तिथं पोचला. त्यानं विचारलं, ही चूल कुणाची, खाणार कोण? अंजनाच्या पोटात खोटं नव्हतं. ती म्हणाली, ह्या भाकरी बनुबाईच्या आणि तिच्या सासूच्या. कारकुनानं लिहून घेतलं. चूल हंबीररावांची, खाणाऱ्या बनुबाई आणि अंबूबाई. हंबीरराव शेजारी उभे होते. त्यांनी चुलीत आणखी एक ओलं लाकूड सारलं.

माघात यादी वाचली गेली. धुळाच्या तीन दगडांच्या चुलीलाही वीस रुपये निघाले होते, आणि बनुबाईचं नाव कुठंच नव्हतं. गावात वाद पेटला तो असा की विचारू नका. पारावर, पाणवठ्यावर, एकच विषय. कुणी म्हणे पैसे माणशी द्यायला हवे होते, कुणी म्हणे फुटल्या कौलांवर द्यायला हवे होते, कुणी म्हणे ज्याला रान आहे त्याला कशाला. सरकार आंधळं आहे यावर मात्र सगळ्यांचं एकमत. आपल्या दुसऱ्या चुलीचं नाव कुणी काढत नव्हतं. बनुबाईचा अर्ज मी लिहिला. सातवी झालेला गावात मीच होतो, अक्षर वळणदार, तिनं अंगठा उठवला.

अर्जाच्या चौकशीला साहेब चावडीत आला. त्यानं शांतपणे सगळं ऐकलं, यादी उलटली आणि बनुबाईला विचारलं, त्या दिवशी तुम्ही कुणाच्या चुलीवरचं खाल्लं?

"ह्यांच्या," ती हंबीररावांकडं बघून म्हणाली. "पर मढं उचलल्याला दुसरा दिस हुता, सायेब. त्या दिशी चूल पेटवत न्हाईत."

साहेब म्हणाला, मग तुमची चूल तीच, आणि तिचे पैसे निघालेले आहेत. तुमची वेगळी चूल होती असं गावातल्या कुणी सांगावं, मी लिहून घेतो.

चावडी भरलेली होती. बनुबाईच्या चुलीबद्दल तोंड उघडायचं, म्हणजे हंबीररावांची चौथी चूल उघडी पडणार. ती पडली की ते इतरांच्या काढणार. प्रत्येकानं आपापल्या पायांकडं बघितलं. मीही बघितलं. अर्ज तर माझ्याच अक्षरात होता. बनुबाईनं दाराआड उभ्या असलेल्या अंजनाकडं पाहिलं. अंजनानं पदर पुढं ओढून घेतला.

धुळा तेवढा उठला. घोंगडं सावरत म्हणाला, "मोजणीच्या आदल्या आठवड्यात मी तिच्या चुलीतनं इस्तू आणलाय, माजी चूल पेटवाया. चूल हुती. आन् माजी चूल तुमी मोजलीया, ती तिच्या नावानं करा की."

कुणीतरी मागून म्हणालं, ह्या परमुलखातल्याला कोण विचारतंय. काही लोक हसले. साहेबानं सांगितलं, नावं बदलता येत नाहीत, आणि बाहेरगावच्या माणसाची साक्ष चालणार नाही. त्याच माणसाची चूल चालली होती, हे कुणाच्या मनात आलं नसेल असं नाही.

बाहेर आल्यावर हंबीररावांनी तिला गाठलं. दहाची नोट पुढं केली. म्हणाले, "वयनी, घ्या. निम्मं तुमचं."

"मला पैसं नगंत, भावजी. माझी चूल हुती एवढं आत जाऊन सांगा."

त्यांनी नोट घडी करून परत ठेवली आणि गेले.

मिरगाच्या आत सगळ्या गावाची घरं कौलांनी लाल झाली. आमचंही झालं. बनुबाईनं फुटक्या बाजूवर पाचट घातलं. त्याच श्रावणात पाचट गळून गळून अंबूबाई खोकला धरून बसली, आणि एका सकाळी गेली. म्हातारीला उचलून आम्ही ओढ्याची वाट धरली. वळणावर मी सहज मागं बघितलं तर बनुबाईच्या पाचटातून धूर. बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. मढं अजून वेशीबाहेर गेलं नव्हतं.

परत येऊन आम्ही दारात पाय धुतले. आत ती भाकरी थापत होती, थप थप, पूर्वीसारखीच. तेवढ्यात अंजना फडक्याखाली भाकरीची बुट्टी घेऊन आली, रीतीप्रमाणं कडू घास. उंबऱ्याशी तिला धूर लागला आणि ती तिथंच थांबली.

बनुबाईनं मान वर केली नाही. "माघारी ने, अंजना," ती म्हणाली. "हितं चूल हाय."

अंजना बुट्टी घेऊन माघारी गेली. आम्ही खांदेकरी अंगणात उभे होतो. आम्हाला बनुबाईनं पाणी दिलं. पाण्याबरोबर दुसरं काही दिलं नाही, आणि मागायची कुणाची छाती झाली नाही.