ट्रॅपच्या उन्हात बाबा, मी आणि एक भरलेला थर्मास

"बंदूक विकून टाकावी म्हणतो," असं बाबा आईच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्याच दिवशी चहा घेता घेता म्हणाले. पेपर रद्दीत द्यावा इतक्या सहज.

मी म्हटलं, "काहीतरीच काय! आधी एक स्पर्धा खेळा. चांगली झाली तर बंदूक राहील, नाही झाली तर मी एक शब्द बोलणार नाही."

बाबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बरं. तू म्हणतेस तर."

झालं, मी कामाला लागले. बडोद्याच्या कारेलीबागेत माझे सायन्सचे क्लासेस आहेत. तक्ते करणं हा माझा धंदाच, त्यामुळे बाबांनी कधी काय खायचं, कधी काय प्यायचं याचा तक्ता दोन दिवसांत फ्रिजवर लागला. ज्यांच्या घरी कुणी ट्रॅप खेळतं त्यांना हा ब्लॉग उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहिते आहे. पण आधीच सांगून ठेवते, ही काही मजेची सहल नव्हती.

ट्रॅप माहीत नसणाऱ्यांसाठी: समोरच्या खड्ड्यातून मातीची तबकडी सुसाट उडते, कुठल्या दिशेला ते आधी कळत नाही, आणि ती हवेत असतानाच फोडायची. एका फेरीत पंचवीस. हातात साडेतीन-चार किलोची दुनळी, अंगात जाकीट, कानात बोळे आणि डोक्यावर उघडं आकाश. लांबून बघणाऱ्याला वाटतं हा माणूस नुसता उभा तर आहे! उभ्या उभ्याच घाम निघतो, आणि घामाबरोबर नजर जाते, ते तबकड्या हुकायला लागल्यावरच कळतं.

आमचं घराणं संस्थानच्या फौजेतलं. पणजोबा घोडदळात होते, बाबा कारखान्यात सुपरवायझर. घोडा गेला, बंदूक राहिली. दसऱ्याला तिला झेंडू वाहायचा आणि वर्षातून तीन-चार स्पर्धा खेळायच्या, हा बाबांचा एकुलता एक शौक. त्या शौकात आई अर्धी भागीदार होती. तिने आयुष्यात बंदुकीला हात लावला नाही, "धूळ बसते हो माझ्या चादरींवर," म्हणून कपाटावरून भांडायची. पण प्रत्येक स्पर्धेला स्टीलचा थर्मास घेऊन रेलिंगमागे खुर्ची टाकून बसलेली असायची. लिंबाचं सरबत, मीठ जरा चढं, साखर बेताची, चिमूटभर भाजलेलं जिरं. फेरी संपली की बाबा न बघता हात मागे करायचे आणि तिथे पेला असायचाच. बाबांना तहान कधी लागते ते बाबांना माहीत नव्हतं, आईला माहीत होतं.

आता तो थर्मास माझ्याकडे होता.

पहिला दिवस

पहाटे निघालो. बंदूक सुटी करून पेटीत, काडतुसं वेगळ्या डब्यात, लायसन्सची मूळ प्रत आणि झेरॉक्स माझ्या पर्समध्ये. हे विसरू नका, नाहीतर नाक्यावर अर्धा दिवस जातो. अमितनगर सर्कलवरून दुमाड चौकडी आणि तिथून एक्सप्रेस वे. नवा झाला तेव्हा बडोदेकर नुसते बघायला जायचे हो त्यावर! टोल खिशाला लागतो पण वेळ वाचतो, आणि बाबांचं वय बघता मला खड्डे नको होते. मध्ये खायची सोय बेताची आहे, डबा घरून घ्या. आम्ही थेपले, दही आणि केळी नेली होती. फाफडा-जिलबीच्या गाडीसमोर बाबा जरा रेंगाळले. मी म्हटलं, "तळकट आज नाही. तहान तहान होईल उद्या."

"आणि उद्या?"

"उद्या तर मुळीच नाही."

"तुझी आई बरी होती," असं म्हणून बाबा हसले. वर्षभरात पहिल्यांदा. मला तर तिथेच अर्धी स्पर्धा जिंकल्यासारखं वाटलं.

अहमदाबाद ओलांडून कलोलच्या पुढे ही रेंज आहे, खासगी आणि शेतांच्या मधोमध. सावलीला चार कडुलिंब आणि एक मांडव. जवळच्या गेस्ट हाऊसमध्ये खोली हजाराच्या आत मिळाली. कूलर होता पण आवाज पिठाच्या गिरणीचा. संध्याकाळी रेंज बघायला गेलो तर अहमदाबादचे परीखकाका भेटले, बाबांचे जुने प्रतिस्पर्धी. लांबूनच हात पसरत आले.

"अरे मोहितेसाहेब! केटला वखते देखाया! भाभी क्यां छे? गाडीमां?"

बाबा म्हणाले, "गयां."

परीखकाकांना आधी कळलंच नाही. हसत गाडीकडे बघत राहिले. मग माझा चेहरा पाहिला आणि त्यांचे हात खाली आले. "मने कोईए कह्युं पण नहीं," एवढंच पुटपुटले. मला गलबलून आलं, पण मी रडत नाही. आई गेली त्या दिवशीही नाही. कुणीतरी डॉक्टर, गुरुजी, पाहुणे, भाऊ अमेरिकेतून यायचा त्याचं विमान, हे सगळं बघायला हवं होतं की नाही? त्या संध्याकाळीही मी लगेच बाबांना म्हटलं, "चला, रात्रीचं पाणी पिऊन घ्या. उद्याची तयारी आजपासूनच."

ही खरंच कामाची गोष्ट आहे. सकाळी रेंजवर जाऊन घटाघटा पाणी पिण्यात अर्थ नाही, पोट नुसतं डुचमळतं. आदल्या दिवसापासून थोडं थोडं प्यायचं. रात्री साधा वरणभात, दही. सकाळी स्पर्धेच्या दोनेक तास आधी उपमा नाहीतर पोहे, एक केळं. चहा अर्धा कप, तोही सवय असेल तरच. फेऱ्यांच्या मध्ये खजूर, चिक्की, मूठभर खारे शेंगदाणे. टोपीखाली ओला रुमाल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तहान लागायची वाट बघायची नाही.

दुसरा दिवस

पहिली फेरी! काय खेळले बाबा! "पुल!" म्हणून तबकडी सोडायचा आवाज दिला की तिचा धूर होत होता. फक्त तीन सुटल्या. मागून कुणी तरी म्हणालं, "काका हजी एवा ने एवा ज छे." काका होते तसेच आहेत म्हणे! मी रेलिंगमागे आईसारखीच खुर्ची टाकून बसले होते. फेरी संपली, बाबा आले, मी पेला पुढे केला.

बाबांनी तो बघितला. "साधं पाणी दे."

"सरबत आहे, बाबा. आईच्याच मापाचं."

"साधं पाणी दे, बेटा."

दिलं. मला वाटलं जमलं नसेल तिच्यासारखं. दुसऱ्या फेरीनंतर पुन्हा तेच. तोवर ऊन डोक्यावर आलं होतं, बाबांच्या शर्टावर मिठाचे पांढरे डाग दिसायला लागले होते आणि सुटलेल्या तबकड्या वाढल्या होत्या. शेंगदाणेही नको म्हणाले, घास उतरत नाही म्हणाले. साधं पाणी मात्र बाटल्याच्या बाटल्या प्यायले. मी मनात म्हणत होते, पाणी पितायत ना, मग झालं.

तिसऱ्या फेरीत बाबांनी बंदूक खांद्याला लावली, आवाज दिला, तबकडी गेली आणि बार झालाच नाही. बोट पेटक्याने आखडलं होतं. मग पोटरीत गोळा आला. त्यांनी शिस्तीने बंदूक उघडली, काडतुसं काढली, नळ्या जमिनीकडे केल्या आणि मगच खाली बसले. मी धावले. परीखकाका धावले. रेंजवरच्या डॉक्टरबाईंनी बाबांना कडुलिंबाखाली आडवं केलं आणि माझ्यावरच ओरडल्या, "एकलुं पाणी ना पीवाय, बेन! परसेवामां मीठुं नीकळी जाय ने! मीठुं-खांड कशुं आप्युं नथी?"

मी सायन्स शिकवते! घामातून मीठ जातं, नुसतं पाणी पुरत नाही, हे मला कुणी सांगायला हवं? शरीरातल्या क्षारांवर मुलांकडून पानंच्या पानं लिहून घेते मी. घुश्शातच थर्मास उघडला. "आता तरी घ्या, बाबा."

"ते नको. ते मी सोडलंय."

हे आमच्याकडचं समजून घ्यायला हवं. आमच्या घराण्यात चांदोदला नर्मदेत अस्थी सोडताना मागे राहिलेल्याने आपल्या आवडीची एक गोष्ट सोडायची रीत आहे. ती परत तोंडाला लावायची नाही. लोक चलाखी करतात. आमच्या काकांनी आजीच्या वेळी सुरण सोडला, जो त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता. बाबांनी काय सोडलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि मी त्या दिवशी होडीवाल्याशी घासाघीस करत होते.

"अहो, सरबत कुणी सोडतं का?" मी जवळजवळ किंचाळलेच. "औषध म्हणून घ्या! आई स्वतः म्हणाली असती!"

"ती म्हणाली असती," बाबा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

शेवटी डॉक्टरबाईंनी पुडीतलं मीठ-साखरेचं पाणी करून दिलं. ते बाबांनी निमूटपणे घेतलं. तासाभरात उठून बसले, रंग आला, परीखकाकांशी चार शब्द बोलले. मग पंचांकडे गेले आणि नाव मागे घेतलं. पुढच्या दिवशीच्या दोन फेऱ्या राहिल्याच.

परत

 बडोदे आल्यावर मी सामान आत आणलं, बंदुकीची पेटी कपाटात ठेवायला घेतली तेव्हा बाबा म्हणाले, "बाहेरच राहू दे. डीलरला फोन करतो उद्या."

"एका सरबतासाठी? पुढच्या वेळी दुसरं काहीतरी करू ना, ताक करू, पुडी नेऊ..."

बाबा म्हणाले, "बस इथे. चांदोदला मी नुसतं सरबत सोडलं नव्हतं, खेळच सोडला होता. खेळ आणि ते एकच होतं माझ्यासाठी. तेव्हाच संपलं होतं सगळं."

"मग आलात कशाला? उन्हात, या वयात? मला नाही म्हणायचं होतं!"

 बाबा म्हणाले, "तू वर्षभर माझं जेवण, माझ्या गोळ्या, माझी बिलं बघत होतीस. बसलेली दिसलीच नाहीस कधी. म्हटलं, चार दिवस आईच्या खुर्चीवर बसू दे हिला. बसशील, तर रडशील तरी."

बंदूक गेली. रीतसर कागदपत्रं होऊन भरूचच्या एका माणसाला गेली. बाबा आता सकाळी बागेत चालायला जातात, परत येऊन पेपर वाचतात, आणि दुपारी जरा जास्तच झोपतात. त्या सगळ्यातून मी त्यांना बाहेर काढणार होते, ते काही झालं नाही. स्पर्धेला जाणाऱ्यांनी वरचं खाण्यापिण्याचं सगळं जरूर पाळा, ते बरोबरच आहे. माझ्यासाठी मात्र त्या प्रवासातून एवढंच उरलं की मी ज्यांना सांभाळायला निघाले होते ते मलाच सांभाळायला माझ्याबरोबर आले होते.

परत आलो त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले, शेजारच्यांना ऐकू जाईल इतकं. बाबा आले, भिंतीला धरत धरत माझ्या शेजारी खाली बसले आणि उगी राहा असं एकदाही म्हणाले नाहीत.