डाव्या सीटवरचं ज्वारीचं पोतं

आमची गाडी फक्त मी चालवली तरच घर्रर्र करायची. नवऱ्याच्या हातात ती गरीब गाय असायची. माझ्या हातात आली आणि उजवीकडे वळली, की पुढून कुठूनतरी जात्यात खडे पडल्यासारखा आवाज यायचा आणि शेजारी बसलेला नवरा कपाळावर हात मारायचा.

"काहून पिळून राहिली वं स्टेअरिंगले?"

सत्तर सालच्या सुमाराची गोष्ट. नवरा खापरखेड्याच्या वीजकेंद्रात इंजिनिअर होता. क्वार्टरमधून पायीच ड्यूटीवर जायचा आणि गाडी दिवसभर टिनाच्या छपराखाली उभी असायची. मला शहरातल्या सदर भागात एका शाळेत नोकरी मिळाली होती, जूनपासून. बस मात्र प्रार्थना संपून पहिला तास सुरू झाल्यावरच तिथे पोचवायची. म्हणून ठरलं, मी गाडी शिकायची. नवऱ्याची अट एकच: गाडीला काही झालं, तर शिकणं बंद. शिकणं बंद म्हणजे नोकरीही बंद, आणि मेली गाडी घर्रर्र करत होती.

सदरच्या मिस्त्रीनं बेअरिंग बदललं, ग्रीस भरलं, एकट्यानं फेरी मारली आणि सांगितलं, "गाडी एकदम टनाटन आहे साहेब. बाई जबरीनं वळवून राहिल्या असन." मग कॉलनीतला जो तो डॉक्टर झाला. बॉयलरवर काम करणाऱ्या एकानं माझ्या बांगड्यांवर संशय घेतला. त्या काढून चालवून पाहा म्हणाला. सवाशिणीला असं सांगतो म्हणून सासूबाईंनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. एवढं होऊन बांगड्यांचा काही संबंध नव्हता, हे सांगायला नकोच.

शेवटी नवरा म्हणाला, "मी बाहेर उभा राहून ऐकतो." तो कॉलनीच्या मैदानात मधोमध उभा राहिला. मी उजवीकडे वळले. आवाज नाही. पुन्हा वळले. नाही. तो शेजारी येऊन बसला. घर्रर्र. तो उतरला. गाडी गप्प.

यावर इंजिनिअर माणसानं काढलेला निष्कर्ष असा: "मी बाहेर असलो की बरोबर चालवतेस. मी बसलो की बिघडवतेस. म्हणजे मुद्दाम करून राहिली तू."

माझं डोकं असं फिरलं की गाडी तिथेच सोडून मी घरी आले. पण येता येता डोक्यात उजेड पडला. नवरा चालवायचा तेव्हा उजवीकडे बसायचा आणि डावीकडे मी, काडीसारखी. मी चालवायची तेव्हा डावीकडे तो. स्वयंपाकघरात सासूबाई भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, "आई, दोष माझ्या हाताचा नाही. यांच्या वज..."

सासूबाईंनी पिठाचा हात माझ्या तोंडावर ठेवला. "लेकराचं अंग बोलू नाही वं! नजर लागते."

आमच्या घरात 'वजन' हा शब्द कोणी उच्चारत नसे. नवरा जाड नव्हताच. तो "हाडापेरानं मोठा" होता. त्याच्या सदऱ्याला शिंप्याकडे जास्त कापड लागायचं, ते शिंपी चोर म्हणून. पण भाकरी उलटताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "मले तवाच समजलं होतं. त्याच्या खाटेचंबी असंच होते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकाला हाक मारली. "हे ज्वारीचं पोतं गाडीत ठेव. समोर, सुनेच्या बाजूनं. दळाले न्यायचं हाय."

"अख्खं पोतं? काहून?"

"ठेव म्हटलं ना गा."

त्यानं धापा टाकत पोतं डाव्या सीटवर बसवलं. मी फाटकातून उजवीकडे वळले. घर्रर्र.

"पाहिलं?" तो ओरडला. "आज तर मी गाडीत नव्हतोबी!"

"पोतं उतरव," सासूबाई म्हणाल्या. उतरवलं. मी वळले, आवाज नाही. "आता ठेव." ठेवलं. घर्रर्र. "उतरव." घामानं निथळत तो पोत्याकडे पाहत उभा राहिला. पोत्याकडून नजर स्वतःच्या पोटाकडे गेली. मग तो खाली वाकला आणि पुढच्या डाव्या चाकावरच्या मडगार्डच्या आत हात घालून चाचपू लागला. टायर घासून घासून आतला पत्रा चकचकीत झाला होता. त्या बाजूची स्प्रिंग दबून गेली होती. डावीकडे भार असताना गाडी उजवीकडे वळली, की टायर पत्र्याला लागायचा.

दळण राहिलंच. सासूबाईंनी आधी लेकाची दृष्ट काढली. मला मेलीला "चुकलो" एवढं ऐकायचं होतं, ते काही कोणी म्हणालं नाही.

नवी स्प्रिंग बसवली. नवरा शेजारी बसून कॉलनीभर फिरला, आवाज गेला होता. लायसन्सही मिळालं. शाळेच्या पहिल्या दिवशी तो सोबत निघाला आणि मागचं दार उघडून मागच्या सीटवर मधोमध बसला.

"समोर या ना. आता काही होत नाही."

"नको. आवाज आला तर बोल तुझ्यावर नको यायले."

मी गाडी सुरू केली. वाटभर तो कान टवकारून बसला होता. शाळेच्या फाटकात उजवीकडे वळले, गाडी गप्प. चपराशानं धावत येऊन मागचं दार उघडलं, सलाम ठोकला. "साहेब, या ड्रायव्हर बाईले गाडी तिकडं लावाले सांगा."

नवरा म्हणाला, "साहेब समोर बसल्या आहेत. मी नुसतं वजन आहे."

संध्याकाळी हे त्यानंच आईला हसत हसत सांगितलं. सासूबाई हसल्या नाहीत. "सोताच्या तोंडानं बोलला?" म्हणत त्या उठल्या. मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन त्याच्यावरून उतरवल्या. त्यांना सिगडीकडे जायला वाट हवी म्हणून मी बाजूला सरकले.

"तू कुठं चालली? उभी राह," त्या म्हणाल्या आणि तीच मूठ माझ्यावरूनही फिरवली. "गाडी चालवते. लोकं पाहतेत."

मोहऱ्या सिगडीत तडतडल्या आणि मला रडू आलं.