मानाची हाक

रेडिओवरचं माझं काम गेलं, पण माझा आवाज तिथेच राहिला. आमचं स्टेशन लहान. शहर आणि नदीपलीकडची थोडी गावं, एवढीच त्याची पोच. मालकांनी आवाजाची नक्कल करणारं मशीन आणलं, काही दुपारी मला बसवून पानंच्या पानं वाचून घेतली आणि एके दिवशी म्हणाले, ''मॅडम, आता तुम्ही आराम करा. आवाज तुमचाच राहील.'' मी आराम केला नाही. नवऱ्याच्या स्टेशनरीच्या दुकानात झेरॉक्स काढायला बसले.

अडचण अशी, की मला काढलंय यावर गावाचा विश्वास बसेना. सकाळी मी भाजीबाजारात वांगी निवडायची आणि भाजीवालीच्या मोबाईलमधून मीच शहराला नमस्कार घालायची. भाजीवाली म्हणायची, ''दीदी, आधी तिकडचं बोलणं संपवा, मग भाव करा.'' नवराही तसलाच. रेडिओतून मी विचारलं ''चहा झाला का?'' की तो पेपरातून मान न काढता म्हणायचा, ''झाला.'' मी स्वयंपाकघरातून विचारलं तर उत्तर नाही.

त्यातून मशीनकडे माझं हसू एकच होतं. वाचून घेताना कुठल्याशा ओळीवर मी हसले होते, तेच त्यांनी ठेवून घेतलं. वाढदिवसाला तेच, पाणीपुरवठा बंद असल्याच्या सूचनेला तेच. केळीचे भाव पडले त्या दिवशीही ते हसलं. दुपारी एक शेतकरी दुकानात आला आणि झेरॉक्सचे कागद पुढे टाकून म्हणाला, ''आमचा माल मातीमोल झाला अन् तुले हासू येते, बाई?''

हे सगळं मी चालवून घेतलं. खरी फजिती झाली ती लग्नात.

आमच्या बुधवारा मोहल्ल्यात शेजारच्या वहिनींच्या मुलीचं लग्न होतं. माझ्या कार्यक्रमात मी एक प्रथा पाडली होती, मानाची हाक. लग्नघरानं ज्या पाहुण्याचा मान ठेवायचा त्याला मी रेडिओवरून, सगळ्या गावाच्या कानावर घालून बोलवायची. घरी कुंकू-अक्षत देऊन झालं तरी हाक हवीच. वहिनींनी स्टेशनला निरोप देऊन ठेवला होता, की हाक आमच्या दादाला, म्हणजे नवरीच्या मामाला. मामा नदीपलीकडच्या जैनाबादचे, केळीचे बागायतदार. मांडवाचे केळीचे खांबही त्यांच्याच बागेतून यायचे होते.

आमंत्रण द्यायला वहिनी निघाल्या आणि सोबत म्हणून मलाही घेऊन गेल्या. अक्षत दिली, चहा झाला. ओट्यावर खिळ्याला रेडिओ टांगलेला. त्यातून मी म्हणाले, ''आजची मानाची हाक जैनाबादच्या मामांना. मामा, भाचीच्या लग्नाला यायचं बरं का!'' आणि मी खळखळून हसले.

मामांनी बशी खाली ठेवली. आधी रेडिओकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

''तू तर इथं बसली.''

''इथंच आहे.''

''मग तिथं कोण हासलं?''

मी मशीनचं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. वहिनी घाईनं म्हणाल्या, ''दादा, आवाज तर तिचाच ना!''

''आवाज तिचा, पण हाक कोणाची? मशीनच्या हाकेवर मी आलो तर गाव म्हणीन, याले बोलवाले माणूस भेटला नाही.''

''अरे, मी स्वतः आली ना तुझ्या दारात?''

''तू घरची. घरचं बोलावणं घरात. हाक गावासमोर असते.''

हाक होत नाही तोवर मामा येणार नव्हते आणि खांबही तोडणार नव्हते. परतताना वहिनी पुलावर रडायला लागल्या. नवरीला मांडवात आणायचं ते मामानं, आणि मामाच नाही तर सासरचे काय म्हणतील? मी म्हटलं, रडून खांब येत नाहीत. रिक्षा थेट स्टेशनवर नेली.

तिथला मॅनेजर मूळचा इंदूरचा, तिशीतला, स्वभावानं भला. म्हणाला, ''मॅडम, लाइव्ह माइक तो निकाल दिया. आप टाइप कर दीजिए, आपकी ही आवाज़ में जाएगा.''

''अहो, मी समोर उभी आहे. माझा आवाज माझ्या घशात आहे.''

''वो सिस्टम नहीं लेता, मॅडम.''

त्यानं मनापासून मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर मी जाहीर केलं, ''कालची हाक मी दिली नव्हती, त्याबद्दल माफी असावी. आजची मात्र मी स्वतः देत आहे.'' आणि हसले. ती मी स्वतः तेव्हा दुकानात शाई भरत होते.

मामांनी निरोप पाठवला, ''आता तर मशीन खोटंही बोलाले लागलं.''

लग्न उद्यावर आलं. मांडवाला खांब नाहीत, वहिनींच्या घरात कुणी जेवलेलं नाही. आमच्या गल्लीतून एक रिक्षावाला भोंगा लावून साड्यांच्या सेलची जाहिरात करत फिरतो. मी त्याला सकाळीच थांबवलं आणि जैनाबादला घेऊन गेले. मामांच्या गल्लीच्या तोंडाशी माइक हातात घेतला. घरोघर रेडिओ चालू होते. सगळ्यांतून मी कपाशीवरच्या फवारणीची माहिती देत होते आणि भोंग्यातून मामांना बोलवत होते. एक म्हातारी दारात येऊन ओरडली, ''एक काहीतरी बोल ना, माय!'' मग लोकांनीच एकेक करून रेडिओ बंद केले.

मामा बाहेर आले. टोपी घातलेली होती, म्हणजे तयारी होती. तरी म्हणाले, ''भोंग्यातही मशीनच असते.''

मी माइक ठेवला, खाली उतरले, कमरेला पदर खोचला आणि सगळ्या गल्लीसमोर साध्या गळ्यानं हाक दिली. रस्त्यातली धूळ घशात गेली होती. 'भाचीच्या' म्हणताना मला ठसका लागला, तो थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं. कुणीतरी तांब्या आणून दिला. पाणी प्यायले आणि हाक पुन्हा पहिल्यापासून दिली.

''हां,'' मामा गल्लीकडे वळून म्हणाले, ''ही तीच.''

तासाभरात खांब तोडून रिक्षात भरले. मामा पुढे रिक्षावाल्याला खेटून बसले, मी मागे खांबांत कोंबलेली. पानं तोंडावर येत होती. रिक्षा पुलावर चढली तशी मामांनी माइक उचलून मागे माझ्या हातात दिला.

''आता सांग.''

''काय सांगू?''

''मामा निघाले म्हणून. बुधवाऱ्यापर्यंत सांगत चल.''

वहिनींच्या घरी ते कळायलाच हवं होतं. मी सांगत गेले.