कच्चा सेट

विट्याच्या आप्पासोची जिंदगी कोइमतूरच्या दुकानात सोनं गाळण्यात गेली. धंदा पोराच्या, इंद्रजितच्या हवाली करून गडी गावी परतला तो कपाटाएवढे दोन स्पीकर घेऊन. एवढ्या पैशात ट्रॅक्टर आला असता म्हणून गावानं चेष्टा केली, पण हा ऐकतोय कुणाचं!

विकणाऱ्यानं सांगितलं होतं, नवा सेट महिनोन्‌महिने वाजवावा लागतो, मग त्याचा आवाज खुलतो. इंद्रजित फोनवर म्हणाला, स्पीकर आहे तसाच राहतो, सरावतो तो आपला कान. आप्पासोला हे कसं पटावं? सोनं गाळायची नवी मूस आधी रिकामीच तापवायची, नाहीतर ती तडकते आणि आतलं सोनं जातं. जन्मभर त्यानं हेच केलेलं.

आणि इथलं सोनं म्हणजे थोरल्या भावाचा आवाज. धुळादादा बिरोबाच्या यात्रेत ओव्या म्हणायचा तेव्हा माणसं हातातली भाकरी विसरायची. दादा गेला, मागं एक कॅसेट उरली. इंद्रजितनं ती पेनड्राइव्हवर उतरवून दिली. दादा मेंढरांमागं रानोमाळ हिंडायचा तेव्हा पोरक्या आप्पासोला जिनं लहानाचं मोठं केलं, त्या धोंडुवयनीला तो आवाज ऐकायचा होता. दुसरं काही तिनं कधी मागितलंच नाही.

"आप्पा, ह्यांचं कवा लावतुस रं?"

"वयनी, जरा दम धरा. सेट कच्चा हाय अजून."

इंद्रजित म्हणाला, मी फोनवर लावतो. त्यावर आप्पासो खवळला. दादाचा आवाज असल्या डबड्यात? वयनीनंही मान डोलावली आणि ती थांबली.

मग बंद खोलीत दिवसभर भजनं, बातम्या, काय वाट्टेल ते वाजायचं. आवाज किती खुलला म्हणून आप्पासो कान देऊन बसायचा. वयनी हल्ली मोठ्यानं बोलते, शेळी ओरडली तरी उठत नाही, हे मात्र त्याच कानांच्या लक्षात आलं नाही.

यात्रेच्या दिवशी सेट तयार झाला असं त्यानं ठरवलं. वयनीला खुर्चीत बसवलं, बटण दाबलं, निळा दिवा लागला. पेनड्राइव्ह लावायला तो वाकला, तोच मागून वयनी म्हणाली,

"व्हय रं आप्पा. अगदी तस्संच म्हणत्यात. लय ग्वाड."

तो वळला. तिनं डोळ्यांना पदर लावला होता. पेनड्राइव्ह अजून त्याच्या मुठीतच होता.

ती इतके दिवस माणसांच्या ओठांकडं बघून बोलत होती, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. तेव्हाच फोनवर लावलं असतं, तर तिनं ऐकलं असतं. कसला कच्चा न्‌ कसला पक्का! त्यानं पेनड्राइव्ह लावला. दादाचा आवाज पार पलीकडच्या आळीपर्यंत गेला, माणसं ओट्यावर येऊन उभी राहिली. वयनी निळ्या दिव्याकडं बघत मान डोलावत होती. ओवी संपली, तरी डोलावतच राहिली.