दाराबाहेरचा शहाणा

स्पिरिटचा तो गार, तीक्ष्ण वास कुठंही आला, की माझ्या तळहातांना घाम फुटतो. वासाचा काय दोष? तो घाम माझ्या शहाणपणाचा आहे.

लोणी भापकरच्या डाळिंबाच्या बागेत भर दुपारी माझे थोरले बंधू, आमचे आबा, छाती धरून खाली बसले. वहिनी आणि मी त्यांना गाडीत घालून बारामतीच्या एका दवाखान्यात आणलं. त्यांना आत नेलं मात्र, आणि माझ्यातला पुढारी जागा झाला. माणूस आजारी पडला की औषधाआधी ओळख शोधायची, ही आमच्याकडची रीत. वरून कुणाचा शब्द पडल्याखेरीज डॉक्टरांचा हात नीट चालत नाही, अशी माझी नितांत श्रद्धा! साखर कारखान्याच्या एका संचालकांना, आमच्या सायबांना, मी फोनवर फोन लावत राहिलो.

तेवढ्यात एक ठेंगणी, प्रशांत मुद्रेची सिस्टर बाहेर आली. छाती दाबणं चाललंय, तोंडात नळी आहे, बघवणार नाही कदाचित, पण मी शेजारीच उभी राहते, असं तिनं सावकाश समजावलं आणि वहिनींच्या दंडाला धरून त्यांना आत नेलं. मग पुन्हा दारात येऊन मला म्हणाली, "काका, फोन ठेवा. पायाला हात लावून हाक मारा त्यांना."

"सायबांचा फोन लागू द्या, मग बघा कशी पळापळ हुती."

"पळतोयच की आमी."

त्या स्वरात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती आणखी दोनदा आली, आणि दोन्ही वेळा मी बोट उंचावून तिला थांबवलं. काय तो राजेशाही थाट!

अखेर फोन लागला. विजयी मुद्रेनं मी आत शिरलो, तेव्हा वहिनी आबांच्या कानाशी ओठ नेऊन सारं सांगून मोकळ्या झाल्या होत्या, आणि ठोके दाखवणारं यंत्र बंद झालं होतं. सांत्वनासाठी आपण किती शब्द धुंडाळतो! त्या सिस्टरनं एका माणसाला दुसऱ्याजवळ उभं राहण्यापुरती जागा करून दिली होती, आणि माझी जागा रिकामीच राहिली.

तिनं मला बोल लावला नाही. माझा हात आबांच्या हातावर ठेवला. "ऊब हाय अजून. बोला, काय राह्यलं असंल ते."

माझं नापास होणं वडिलांपासून लपवणारे आबा, माझ्या सायकलीमागं धापा टाकत धावणारे आबा, सारं आठवलं, आणि गावभर किस्से सांगत हिंडणाऱ्या माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "आबा, सायबांशी बोलणं झालंय."

सिस्टर हसली नाही. "अजून सांगा की," म्हणाली आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं. मी बसलो. पुढचं वाक्य मात्र आजतागायत सुचलेलं नाही.